साडूंनी नाणी सोडली

आमचे थोरले साडू जन्मात कधी खोटं बोलले नाहीत, त्यामुळे त्यांच्या वाटणीचंही मलाच बोलावं लागलं. तेव्हा पुढे सांगतो ते तुम्ही नीट वाजवून घ्या. फक्त एवढंच म्हणतो, की यातलं जे सगळ्यात अशक्य वाटेल तेच नेमकं खरं आहे.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. ते बँकेत रोखपाल होते आणि मी बसवर कंडक्टर. सासऱ्यांनी दोन्ही मुली पैशाच्या अगदी जवळ दिल्या. तो पैसा दुसऱ्यांचा होता, एवढं सोडलं तर त्यांचं काही चुकलं नाही. साडू जाळीमागून आयुष्यभर म्हणत आले, "मोजून घ्या," आणि मी दांड्याला लटकून आयुष्यभर ओरडत आलो, "सुटे द्या!" सासुरवाडीला दोघं शेजारी जेवायला बसलो की ते ताटातलं मोजून घ्यायचे आणि मी सासूबाईंना चुकून म्हणायचो, "पुढे सरका."

नाण्यांचा नाद त्यांना त्या जाळीमागेच लागला. समोर चिल्लरीचा ढीग पडायचा, आणि त्या ढिगात एखादं नाणं वेगळं चमकायचं, किंवा वेगळं न चमकता गप्प बसायचं. साडू ते उचलायचे, उलटसुलट करायचे, स्वतःच्या खिशातून तेवढ्याच किमतीचं नवं नाणं गल्ल्यात टाकायचे आणि जुनं खिशात घालायचे. बँकेचं काही गेलं नाही आणि साडूंच्या घरात मात्र एक कपाट उभं राहिलं. चपट्या चपट्या खणांचं, उंचीला साडूंच्या कानापर्यंत. खणात हिरवी मखमल, मखमलीत गोल खळगे, आणि प्रत्येक खळग्यात एक नाणं तोंड वर करून झोपलेलं. कणसाचं, भोकाचं, दोन माशांचं. एकावर कुणा जुन्या राज्यकर्त्याचं मुंडकं होतं, त्याला घरात सगळे 'टकल्या' म्हणायचे. आणि सगळ्यात लाडकं होतं ते जहाजाचं. जाडजूड, वजनदार, शिडं फुगलेली, खाली तीन लाटा. तो खण उघडताना साडू आवाज खाली आणायचे, जहाजावरची माणसं जागी होऊ नयेत असा.

ताईंनी, म्हणजे साडूंच्या बायकोने, त्या कपाटाकडे कधी ढुंकून पाहिलं नाही. फडकं मारायच्या तेवढंच. "माझी सवत आहे ती," असं म्हणायच्या, "पण बिचारी जेवायला मागत नाही."

मग दोघांचे गुडघे एकदमच गेले. घर जुनं, जिना उभा. लेकीने आपल्या इमारतीतच तळमजल्यावर दोन खोल्या बघितल्या. त्या खोल्यांत पलंग बसत होता, स्वयंपाकाचा ओटा होता, खिडकी होती. कपाट बसत नव्हतं. साडूंनी फूटपट्टी घेऊन आडवं, उभं, तिरकं, सगळं करून बघितलं.

ताई म्हणाल्या, "भाऊजी, तुम्हीच सांगा यांना. एक तर ते कपाट येईल, नाही तर मी."

साडू विचारात पडले. तेवढा वेळ ते विचारात पडायला नको होते. ताईंनी पुढचे दोन दिवस आमटीत मीठच घातलं नाही.

कपाट कुणाला तरी द्यायचं, हे ठरलं. पण कुणाला? लेक म्हणाली, "बाबा, सगळ्यांचे फोटो काढून ठेवू या ना." जावई सभ्य माणूस, त्यांनी खण उघडला, मान हलवली आणि विचारलं, "याचे किती येतील?" वस्तुसंग्रहालयातल्या बाई म्हणाल्या, आमचं तळघर भरलंय, पण ठेवून जा, बघू. शेवटी जुन्या वस्तूंचा एक व्यापारी आला. पोट पुढे, तराजू बगलेत. त्याने चार-दोन नाणी वेगळी काढली आणि बाकीची सरसकट धातूच्या भावाने घेईन म्हणाला.

"म्हणजे मोडीत?" साडूंनी विचारलं.

"मोडीत कशाला म्हणता? वजनावर म्हणा."

त्याने वेगळी काढलेली नाणी साडूंनी परत खळग्यांत ठेवली. व्यापाऱ्याला त्यांनी घर सोडायच्या आधीच्या शेवटच्या रविवारची वेळ दिली. तो गेल्यावर मला म्हणाले, "साडू, मी ही विकत घेतली नाहीत. माझ्या आधी ती किती हातांतून गेली असतील! कुणी एकाने जरी नीट बघितलं असतं तर ती माझ्यापर्यंत आलीच नसती. मी बघितलं, म्हणून माझी झाली. आता मला दुसरा बघणारा पाहिजे. रविवारच्या आत."

"जाहिरात द्या."

"जाहिरातीला भाव विचारणारे येतात. बघणारा गळ टाकून धरावा लागतो." आणि मग त्यांनी गळ कसा टाकायचा ते सांगितलं. नाणी परत बाजारात सोडायची. अगदी साधी, जशी आली तशी. काडेपेटीला एक, साबणाला एक. ज्याच्या डोळ्यांत कुतूहल असेल तो थबकेल, आणि हे काय आहे म्हणून विचारत येईल. आपल्याकडे नाणेवाला कोण, तर एकच. येऊन येऊन येणार कुठे? "आणि जो पहिल्यांदा 'किती' विचारेल, तो बाद. दुसरं काहीही विचारू दे. त्याला मी सगळं कपाट देईन."

बेत ऐकायला इतका छान होता की तो फसणार हे मला तिथेच कळलं.

पहिल्या दिवशी मी त्यांच्याबरोबर गेलो. साडूंनी कोपऱ्यावरच्या दुकानात काडेपेटी मागितली आणि कणसाचं नाणं पुढे केलं.

"हे काय?" दुकानदार म्हणाला.

"पैसे."

"हे चालत नाही."

"चालतं. रद्द कुठे झालंय? कायद्याने चालतं."

"कायद्याकडे चालत असेल. माझ्याकडे नाही चालत."

"अहो, तुमच्या वडिलांनी याच गल्ल्यात—"

"वडिलांच्या वेळी वडीलही चालत होते, काका. आता बसून असतात."

तरी साडूंनी हार मानली नाही. डोळा चुकवून, नव्या नाण्यांच्या मध्ये दडपून, त्यांनी त्या दिवशी मूठभर नाणी खपवली. जन्मभर खरं वागलेला माणूस खरी नाणी खोट्यासारखी चालवत होता. संध्याकाळी आम्ही बसने घरी आलो तर टेबलावर कणसाचं नाणं.

"हे इथे कसं?" साडू दारातच थिजले. "मी याला बेकरीत सोडलं होतं!"

"भाजीवालीने दिलं सुट्यात," ताई म्हणाल्या. "मी म्हटलं, अगं हे कुणी घेणार नाही. तर म्हणते, तुमच्याकडे चालतं ना, मग तुम्हीच घ्या."

"पण माझ्या आधी पोचलं?"

"त्याला तिकीट लागत नाही," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दोन मासे आले, शिंप्याच्या बोटाला धरून. तिसऱ्या दिवशी टकल्या आला, तो इस्त्रीच्या कपड्यांच्या खिशात. कुत्रं पोत्यात घालून नदीपलीकडे सोडावं आणि आपण घरी यावं तर ते दारात शेपूट हलवत बसलेलं असावं, तसं चाललं होतं. बरं, नुसती तीच आली असती तरी ठीक. नाणेवाल्यांच्या घरी काहीही चालतं, असा बोभाटा झाला. परदेशातली नाणी आली, खेळातल्या सोंगट्या आल्या, एका शाळामास्तरांनी तर कोटाचं पितळी बटण खपवलं. कपाट रिकामं व्हायचं सोडून भरायला लागलं.

आणि विचारायला? आले ना! दाताचे डॉक्टर आले: "किती मिळतील?" औषधवाला आला: "अंदाजे किती?" एक वयस्क गृहस्थ फार वेळ नाणं न्याहाळत बसले. साडू आशेने खुर्चीच्या काठावर सरकले. गृहस्थ म्हणाले, "साधारण किती वर्षांनी विकलं तर बरे येतील?" प्रत्येकाला साडू नवं नाणं द्यायचे, जुनं घ्यायचे, आणि दार लावून घ्यायचे. रविवार जवळ येत होता. त्यांचं जेवण तुटलं. मला ते बघवेना.

म्हणून मी सलूनमध्ये गेलो.

दाढी करून घेता घेता मी कारागिराला म्हटलं, "तुझ्याकडे नाही ना आलं एखादं जुनं नाणं?"

"का हो?"

"काही नाही. आलं तर कानाला लावून बघ."

वस्तरा थांबला. "कानाला?"

"पूर्वीचे लोक नाणं वाजवून घ्यायचे ते उगाच का? त्या धातूत आवाज राहतो. ज्याच्या हातून ते आपल्याकडे आलं, त्याने देताना जे म्हटलं असेल ते हळू ऐकू येतं. आता हे मी सांगतोय, पण मलाही खरं वाटलं नव्हतं. आमच्या साडूंचं नाणं कानाला लावलं, तर आतून स्वच्छ आलं, 'मोजून घ्या!'"

कारागीर माझ्याकडे आरशातून बघत राहिला. साडू जाळीमागून काय म्हणायचे हे त्याला माहीत होतं. खोट्याला एवढा एकच खिळा लागतो.

दुसऱ्या दिवसापासून जे झालं ते मी स्वतः पाहिलं. औषधाच्या दुकानात रांग थांबलेली, कारण पुढची बाई सुटे कानाला लावून उभी. बेकरीत पाव निवत होते. बँकेत जाळीमागची मुलगी आधी ऐकायची आणि मग शिक्का मारायची. बस सुटेना, आमच्याच खात्यातला कंडक्टर पिशवीतलं एकेक नाणं काढून कानाशी नेत होता आणि प्रवासी ओरडण्याऐवजी विचारत होते, "काय म्हणतंय?" हातातलं नाणं ऐकून झाल्याशिवाय कुणी सोडेना, त्यामुळे कुणाकडेच सुटे उरले नाहीत. आणि साडूंच्या जिन्यावर माणसांची रांग. एकही जण 'किती' विचारत नव्हता.

"माझं नाणं बोलत का नाही?"

"याच्यातून नुसती खरखर येते. साफ करून मिळेल का?"

"मला आमच्या हिचाच आवाज येतो. बंद कसा करायचा?"

साडूंनी मला आत ओढलं. रागाने त्यांचे कान टकल्याच्या नाण्यासारखे तांबूस झाले होते. "मी बघायला सोडली होती आणि तुम्ही ऐकायला लावली!"

"पण 'किती' कुणी म्हणालं का? तुमच्या नियमाने जिन्यावरचे सगळे वारस आहेत."

"ते नाण्याला काहीच विचारत नाहीयेत हो. सगळे स्वतःचंच विचारतायत." ते खुर्चीत बसले. "नाणं हातात आहे आणि एकाचीही नजर त्याच्यावर नाही. कानाला लावलेली वस्तू दिसते कुठे?"

यावर मला उत्तर सुचलं नाही. मला उत्तर सुचत नाही असं क्वचित होतं. माझी बायको तो दिवस अजून आनंदाने सांगते.

शनिवारी साडूंनी जहाजाचा खण उघडला. या वेळी त्यांनी आवाज खाली आणला नाही, कारण ते काही बोललेच नाहीत. ते नाणं त्यांनी सदऱ्याला पुसलं, जिना उतरले, बस थांब्यावर गेले आणि पहिल्या आलेल्या बसमध्ये तिकिटाला ते कंडक्टरच्या हातावर ठेवलं. परत आले ते चालत. "मोडीत जाण्यापेक्षा जाऊ दे फिरायला," एवढंच म्हणाले.

रविवारी व्यापारी आला. त्याने टेबलावर तराजू मांडला, खण ओढून काढला, आणि टकल्या, कणसं, मासे असं सगळं एका पारड्यात ओतलं. तो आवाज मला आवडला नाही. साडू खिडकीकडे तोंड करून उभे होते. आत ताई स्वयंपाक करत होत्या.

तेवढ्यात जिन्यात गडबड उडाली. जिन्यावर अजून चार-पाच कानवाले बसलेलेच होते. त्यांना बाजूला करत कुणीतरी वर येत होतं. "सरका! कान घरी न्या आपापले!" दारात कात्रीबाई उभी.

कात्रीबाई म्हणजे बाजारातली शिवणकाम करणारी बाई. तिचं हे नाव हातातल्या कात्रीवरून पडलेलं नाही. तिच्याकडे ब्लाउज शिवायला टाकलेल्या बायका तो घट्ट झाला तरी आपलंच वजन वाढलं असं कबूल करून घरी यायच्या.

"नाणेवाले कोण तुमच्यात?" तिने विचारलं. "हे तुमचंच ना? कंडक्टर म्हणाला, असली वेडी नाणी त्यांच्याकडचीच असतात." तिच्या तळहातावर जहाज.

"माझंच होतं," साडू म्हणाले. "बदलून देतो. बसा."

"बदलून कशाला? मी बदलायला आलेय का? मला सांगा, हे इथे असं कशाने झालंय?"

"कुठे?"

"इथे. काठाला."

साडू पुढे आले. "काठाला?"

"हो. सगळ्या काठाला बारीक रेघा आहेत, आणि इथेच नाहीत. इथे चपटं झालंय. हात फिरवा ना!" तिने साडूंचं बोट धरून नाण्याच्या कडेवरून फिरवलं. "मी कापडाला हात लावला की आधी काठ बघते. कापड तोंडाने खोटं बोलतं, काठाने नाही. काल सुट्यात हे आलं, अंगठा गेला, आणि अडकला. तेव्हापासून अंगठा तिथून हलत नाहीये माझा. पडून तर असं होत नाही, पडलं तर पोचा येईल. वापरून झिजलं तर सगळीकडे झिजेल. हे एकाच जागी, आणि दोन्ही अंगांनी चेपलेलं. कशाने?"

साडूंनी चष्मा वर केला, खाली केला, भिंग आणलं. मखमलीच्या खळग्यात नाणं तोंड वर करून असतं; कड खळग्यात. इतकी वर्षं ते त्या जहाजाच्या शिडांच्या दोऱ्या मोजत आले, पण कड त्यांनी कधी बघितली नव्हती. बराच वेळ ते भिंगातून बघत राहिले. मग त्यांनी तोंड वर केलं, आणि मी साडूंच्या तोंडून कधी न ऐकलेले शब्द ऐकले.

"मला माहीत नाही."

पण ते असे म्हणाले, की एखाद्याला वाटावं यांना पगारवाढ मिळाली.

"दातात धरलं असेल," मी म्हटलं. "पूर्वी युद्धात शिपायांना जखम शिवताना—"

"दाताचे दोन खड्डे पडतात," कात्रीबाई म्हणाली. "तुमच्या गोष्टी तुमच्या कानाला लावा."

"खिडकीला पाचर मारली असेल," साडू म्हणाले. "फट बुजवायला. दोन्ही अंगांनी दाब येईल."

"मग नुसतं दबेल. हे घासलंय. इथून इकडे, बघा, गोल ओरखडा गेलाय."

"फिरवलंय कशात तरी," मागून आवाज आला. व्यापारी तराजू सोडून उठला होता. "माझ्याकडे एकदा एक आलं होतं, पण ते आख्खं वाकडं होतं. जरा बघू."

"तुम्ही तोला तिकडे," साडू म्हणाले.

"अहो, बघू तरी द्या!"

जिन्यावरचे कानवालेही आत आले. नाणं हातोहात फिरलं. एक म्हणाला माळेतून काढलं असेल, दुसरा म्हणाला खेळात भिंतीवर मारलं असेल. कात्रीबाई एकेकाला कापत होती, साडू एकेक शक्यता पडताळत होते, आणि व्यापाऱ्याच्या पारड्यातला ढीग जरा जरा घसरून टेबलावर पसरत होता, तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं. साडूंनी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, तेही ते विसरले.

आणि अशात ताई बाहेर आल्या. त्यांच्या एका हातात कुकरचं झाकण होतं आणि त्याची दांडी लुळी पडून लटकत होती. त्यांनी लोकांकडे पाहिलं नाही, सरळ कपाटाकडे गेल्या, तिसरा खण ओढला, आणि वळून विचारलं, "अहो, जहाज कुठंय?"

ताईंनी. ज्यांनी जन्मात त्या कपाटाकडे ढुंकून पाहिलं नव्हतं, त्यांनी.

साडूंनी आधी ताईंकडे पाहिलं. मग कुकरच्या दांडीकडे. मग त्या दांडीच्या स्क्रूकडे. त्याच्या डोक्यावर एक रुंद खाच होती.

"तू," ते म्हणाले, "तू माझं जहाज…"

"त्यात काय झालं? स्क्रू सैल होतो सारखा. पेचकस या घरात कधी जागेवर सापडलाय? आणि बाकीची पातळ आहेत, खाचेत डुगडुगतात. हेच तेवढं बसतं घट्ट."

"कधीपासून?"

"आपली लेक रांगत होती तेव्हापासून असेल. परत ठेवत होते ना जागेवर! तोंड वर करून!"

कात्रीबाईने कुकरचं झाकण त्यांच्या हातातून घेतलं, जहाज खाचेत घातलं, आणि फिरवलं. दांडी ताठ झाली. चपटी जागा खाचेत अशी बसली होती, की दोन्ही एकाच कारखान्यातून आलीयत असं वाटावं. "पण एकाच जागी कशी झिजली हो?" ती म्हणाली. "कड तर सगळीकडून सारखीच. दर वेळी हीच बाजू कशी खाली?"

हिला लोक हुशार कसं म्हणतात, अशा नजरेने ताईंनी तिच्याकडे पाहिलं. "जहाज उलटं कसं धरणार? बुडेल ना."

आधी व्यापारी हसला. मग जिन्यावरचे. साडू हसले नाहीत. ते ताईंकडे बघत होते. जाळीमागे ढिगात एखादं वेगळं नाणं दिसल्यावर बघायचे तसे. मग हळूच म्हणाले, "आणखी कुठली वापरलीस?"

"भोकाचं पडद्याच्या दोरीला होतं दोन पावसाळे. टकल्या डब्याची झाकणं उघडायला बरा पडतो. हनुवटी मजबूत आहे त्याची."

"टकल्या कुठंय?" कात्रीबाईने विचारलं आणि ती व्यापाऱ्याच्या पारड्यावर तुटून पडली. व्यापाऱ्यानेच तिला तो शोधून दिला. मग साडूंनी भिंग लावलं, कात्रीबाईने अंगठा, आणि दोघंही त्या ढिगातलं एकेक नाणं उचलून त्याची कड बघायला लागले. ही खूण ताईंची, ही आधीची, ही कुणाची? ताई मधूनच सांगायच्या, "नाही, हे माझं नव्हे." व्यापारी शेवटी तराजू बगलेत मारून जायला निघाला, पण दारात थांबून म्हणाला, "ते माशांवरच्या खुणेचं कळलं तर मला सांगा."

बाकीचे गेल्यावर साडू कात्रीबाईला म्हणाले, "बाई, हे कपाट तुम्ही घेऊन जा."

"कुठे ठेवू? दुकानात मशीन आहे, मी आहे, आणि मध्ये गिऱ्हाईक उभं राहतं तेवढी जागा."

"भिंतीला बसेल. मी मोजून देतो."

कात्रीबाईने एक खण ओढला, ढकलला, पुन्हा ओढला. खण चांगले सरकतात हे तिच्या लक्षात आलेलं मी पाहिलं. "नेईन," ती म्हणाली, "पण आधीच सांगते. मी सांभाळणार नाही. एकेक काढीन, बघीन, डोकं लावीन. बघून झालं की चालवीन."

"चालवीन म्हणजे?"

"म्हणजे खर्च करीन. दोरा आणीन त्याचा."

साडूंचा चेहरा उतरला. मला त्यांची दया आली. माणसाने वारस शोधावा आणि वारसाने दारातच सांगावं, की मी सगळं उधळणार!

"निदान चांगली चांगली तरी…" ते म्हणाले.

"काका, या जहाजात चांगलं म्हणण्यासारखं काही आलं ते कधी? तुम्ही खळग्यात ठेवलं तेव्हा नाही. ताईंनी वापरलं तेव्हा. त्यांनी हे नुसतं पुसून ठेवलं असतं तर मी आज इथे आले असते का?"

साडू ताईंकडे बघत होते, आणि ताई दुसरीकडेच बघत होत्या, कारण त्यांना हसू आवरत नव्हतं. मग साडूंनी खिशातून कपाटाची किल्ली काढली आणि टेबलावर ठेवली.

आता जहाज राहिलं. ते कात्रीबाईच्या हातात होतं आणि ती म्हणत होती, हे मला सुट्यात मिळालंय, माझं आहे. ताई म्हणाल्या, मग माझ्या कुकरचं काय? दोघींची अशी जुंपली की मी आणि साडू भिंतीला लागलो. अखेर ताईंनी आपल्या पाकिटातून त्याच किमतीचं, नवंकोरं, कुणीही न बघितलेलं नाणं काढून कात्रीबाईच्या हातावर ठेवलं आणि जहाज ओढून घेतलं. बँकेत जाळीमागे साडू जे करायचे, तेच. लेकीच्या इमारतीतल्या त्या दोन खोल्यांत ते आता चमच्यांच्या खणात राहतं.

कपाट कात्रीबाईच्या भिंतीला बसलं, त्यावर आता दोऱ्याची रिळं असतात. साडू आठवड्यातून दोनदा बसने तिथे येतात आणि दोघं काठांवरून भांडतात. पहिलं नाणं चालवायचा दिवस आला तेव्हा मीही होतो. कात्रीबाईने टकल्या निवडला. त्याच्याबद्दल जेवढं विचारता येण्यासारखं होतं तेवढं विचारून झालं होतं, आणि काही गोष्टी साडूंनाही कळल्या नाहीत, त्या पुढच्या माणसासाठी सोडून द्यायच्या असं ठरलं. औषधाच्या दुकानात तिने डोकेदुखीची गोळी मागितली आणि टकल्या बिनदिक्कत काचेवर आपटला. औषधवाल्याने तिच्या तोंडाकडे पाहून तो मुकाट्याने गल्ल्यात टाकला. कात्रीबाईला 'चालत नाही' म्हणायची कुणाची छाती आहे?

आम्ही बाहेर आलो. दोघंही निघेनात. समोरच्या फुटपाथवर उभं राहून दुकानाकडे टक लावून बघत राहिले. औषधवाल्याने दोनदा बाहेर डोकावून पाहिलं, त्याला संशय आला असावा.

"बघितलं का हो त्याने?" कात्रीबाईने विचारलं.

"नाही. पण गल्ल्यात वरच आहे."

मी म्हटलं, "चला, जेवायची वेळ झाली. ताई वाट बघतायत."

साडूंनी माझा दंड धरला. दुकानात एक बाई आली होती आणि काउंटरवर मोठी नोट ठेवत होती.

"थांबा हो जरा," ते म्हणाले, "तो सुटे देतोय."